तूप घातलेलं दूध

॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥

बारामती, १६ जून २०२४

चि. राजनंदिनी,

ईमेलना तुझं उत्तर आलं नाही. ते समजण्यासारखं आहे. म्हणून कागदावर लिहितो आहे. कागद फेकून द्यायला माणसाला जागचं उठावं तरी लागतं.

तुझा परदेशातला पत्ता कन्हेरीहून आणला. तुझ्या आईंनी, मुक्ताबाईंनी, आधी चहा दिला आणि मग पत्ता. देताना विचारलं, "सर, तुमचं आन् पोरीचं काय वाजलंय का?" मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही, पण चिठ्ठी दिली.

आपला शोधनिबंध मार्चमध्ये छापून आला. तुझ्या सांगण्याप्रमाणे त्यावर तुझं नाव नाही. चार वर्षं जिने नळ्या धुतल्या, फिरवल्या, गोठवल्या, तिचं नाव नसलेला निबंध हातात घेताना बरं वाटलं नाही, एवढंच सांगतो. लोकांची पत्रं येतात. दम्याच्या रोग्यांच्या रक्तात पुटिका निरोगी माणसापेक्षा कितीतरी जास्त असतात हे इतकं ठळकपणे कुणी दाखवलं नव्हतं, असं म्हणतात.

परवा प्राची आली होती. माझी पुतणी तुला आठवत असेल. अभ्यासासाठी रक्त घेतलं त्या निरवांगीच्या शिबिरात दादाच्या अंगणात सगळ्यांना पेले वाटत फिरत होती ती. आता वीस वर्षांची आहे. दम्यासाठी बारामतीच्या डॉक्टरांना दाखवायला दादाने पाठवली होती. माझ्या खोलीत बसल्यावर म्हणाली, "तात्या, पुटिका म्हंजे नक्की काय वो? आबा सगळ्या गावाला सांगत्यात, पर त्यास्नी इचारलं तर म्हणत्यात तुला काय कळायचं."

दादाला ती आबा म्हणते. मी तिला डब्याचं सांगितलं. मी बारामतीला कॉलेजात होतो तेव्हा वहिनी, म्हणजे तिची आई, रोज सकाळच्या एसटीत कंडक्टरकडे माझा डबा द्यायची. स्टँडवर जाऊन मी तो घ्यायचो. फडकं सोडलं की घरचं सगळं कळायचं. मेथी असली की दादा बाजारला जाऊन आला. नुसती चटणी-भाकरी असली की वहिनीला बरं नाही. तिळाची पोळी असली की माझ्याच लक्षात नव्हता असा सण आला. शरीरातल्या पेशीही असंच करतात. स्वतःचा तुकडा तोडून त्याची इवली पिशवी करतात, आत निरोप भरतात आणि रक्तात सोडतात. दूरची पेशी ती उघडते आणि त्याप्रमाणे वागते. दम्यात श्वासनळीतल्या पेशी सुजेचा निरोप पाठवत राहतात. तो डबा ओळखता आला तर वाटेत अडवता येईल.

प्राची हसली. "मंग माझ्या डब्यात इतकं तिखट कोण घालतंय, त्याचं नाव सांगा." मग हसता हसता तिला ठसका लागला आणि बराच वेळ थांबला नाही.

एक सहज विचारतो. शिबिराचं रक्त यंत्रात फिरवल्यावर वरचा थर गढूळ दिसतो, दुधट दिसतो, असं तू म्हणाली होतीस. निरवांगी ते बारामती रस्त्याने उन्हात धक्के बसले म्हणून असेल, असं मी म्हणालो होतो. सगळ्याच नळ्या तशा होत्या की काही? तुला आठवत असेल तर कळव. इथे मी रुग्णालयात थोडे नवे नमुने घेतो आहे. संख्या वाढावी म्हणून. दुसरं काही नाही.

तुझी तब्येत सांभाळ. तिकडे भाकरीचं पीठ मिळतं का?

तुझा,
इंद्रजित सर


॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥

बारामती, २५ ऑगस्ट २०२४

चि. राजनंदिनी,

तुझं कार्ड मिळालं. पुढे कालव्यातल्या होड्यांचं चित्र आणि मागे एकच ओळ. "सर, प्राचीचा नमुना पाहा."

तिचा नमुना मी कधी मोजणीत धरला नव्हता. नातेवाईकाचं रक्त अभ्यासात घेऊ नये हा नियम आहे आणि मी तो पाळला. तू तेव्हा म्हणाली होतीस की धरू नका, पण एकदा बघा तरी. मी म्हणालो होतो की जे धरायचं नाही ते बघायचं कशाला. घरची म्हणून ती नळी बाजूला ठेवली ती ठेवलीच.

कार्ड आल्यावर फ्रीझरमधून काढली. बर्फ वितळला आणि मला आधी डोळ्यांनीच दिसलं. इतर दमेकऱ्यांच्या नळ्या ताक घुसळल्यासारख्या आणि तिची स्वच्छ. यंत्राखाली धरली तर कणांची संख्या एखाद्या निरोगी माणसाइतकी. आणि त्या अंगणात त्या दिवशी तिच्याइतकं आजारी कुणी नव्हतं. ते मला माहीत होतं, तुलाही होतं.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहितो. रुग्णालयात घेतलेले नवे नमुने ते पत्र लिहिण्याआधीच मोजून झाले होते. दमेकरी आणि निरोगी यांत काही फरक नव्हता. तरी मी तुला संख्या वाढवतो आहे असं लिहिलं.

मग निरवांगीला गेलो. दादा डाळिंबाच्या बागेत फवारणीला गेला होता. वहिनी चुलीपाशी होती. घरात गॅस आहे, पण दूध ती चुलीवरच तापवते. मी पाटावर बसलो आणि विचारलं, "वहिनी, शिबिराच्या दिवशी माणसांना काही खायला-प्यायला दिलं होतं का?"

"खायला न्हाय वो. च्या दिला."

"सगळ्यांना?"

"धडधाकट हुती त्यास्नी च्या. कोराच. दूध पुरायचं न्हवतं. आन् दम्याची माणसं हुती त्यास्नी हळद आन् तूप घालून दूध. गडूभर तूप संपलं बगा त्या दिवशी."

"रक्त दिल्यावर?"

"आदी. रिकाम्या पोटी रगत काढत्यात व्हय? तुमी उपाशी या म्हणून सांगितलं, ती बिचारी पाटंपासनं उपाशी. त्यात धापा टाकीत आलेली. आमची छबूआत्या तर दारातच बसली मटकन. म्हणलं, दीर शिकलाय, पर त्याला प्वाट कुठं कळतंय." ती हसली. "दुधानं छाती मोकळी हुती. आमच्या आईपासनं चालत आलंय."

"आणि प्राचीला?"

"ती कशाला पिती? ती पेले वाटीत हुती की. घरची पोरगी. समद्यांचं झाल्यावर जेवली माझ्यासंगं."

राजनंदिनी, आपण दोघे पडवीत टेबल लावून बसलो होतो. नाव विचारत होतो, दंडाला पट्टा बांधत होतो. अंगणात रांगेत बसलेली माणसं आपल्या पाठीमागे होती; त्यांच्या हातातले पेले मला पाण्याचे वाटले. दारातून येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारत होतो, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" आणि प्रत्येक जण खरं सांगत होता. दूध खाणं कुठे असतं?

तुला समजावून सांगायला नको, पण एकदा शब्दांत लिहून बघतो. तूप पोटात गेलं की चरबीचे बारीक थेंब रक्तात उतरतात. ते पुटिकांएवढेच असतात. आपलं यंत्र उजेडात चमकणारे ठिपके मोजतं. थेंब कुठला आणि पुटिका कुठली हे त्याला कळत नाही. दमेकऱ्यांना तूप मिळालं आणि निरोग्यांना कोरा चहा. आपण इतकी वर्षं जे मोजलं, छापलं, ज्याच्यावर लोकांची पत्रं आली, ते वहिनीचं तूप होतं.

वहिनीने विचारलं, "का वो भावजी? काय चुकलं का माझं?"

मी म्हणालो, "नाही. सहज विचारलं."

तिने माझ्यापुढेही पेला ठेवला. मी प्यालो.

पुढचं लिहायला नको वाटतं, पण तुझ्याशिवाय कुणाला लिहिणार. पहिले आकडे आले त्या दिवशी मी दादाला फोन केला होता. एकच वाक्य बोललो होतो, "दादा, सापडलं." काय सापडलं ते सांगितलं नव्हतं आणि त्यानेही विचारलं नव्हतं. त्याच्या लेखी दम्याचं औषध सापडलं होतं. धाकट्या भावाला त्याने शिकवलं ते फळाला आलं होतं.

त्या दिवशी निघताना प्राचीच्या खोलीत डोकावलो. तिचा रोजचा पंप, सूज दाबून ठेवणारा, खिडकीत पडला होता. तोंडाशी कोळ्याने जाळं केलं होतं.

"हा घेत नाहीस?"

"निमगाव केतकीचं स्थळ आलंय, तात्या. पंपाची पोरगी म्हणलं की मागं फिरत्यात. आबा म्हणले, तुझ्या तात्याचं औषध येतंय, तवर काढ तशीच. निळा पंप हाय की, लय धाप लागली तर वढते."

मी तिला रागावलो. रोजचा पंप सवय लावत नाही, तो सोडला की आतली सूज वाढत जाते आणि वरून कळत नाही, हे मी तिला पूर्वी कितीदा तरी सांगितलं होतं. ती म्हणाली, "मंग तुमचं कवा येतंय, त्ये सांगा ना."

इंद्रजित


॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥

बारामती, २ डिसेंबर २०२४

चि. राजनंदिनी,

निबंध मागे घेतला. संपादकांनी कारण विचारलं, ते लिहून दिलं, "रक्त घेण्यापूर्वी काही सहभागींना स्निग्ध पदार्थ दिला गेला, हे नंतर लक्षात आलं." इंग्रजीत ते फार साधं दिसतं. कुणी दिला, कशासाठी दिला, हे विचारायची तिथे पद्धत नाही. ही शंका पहिल्यांदा तू काढली होतीस हेही लिहिलं आहे. ते नाव छापतील.

दादाला मी दिवाळीच्या आधी सांगितलं. नरसिंहपूरला दर्शनाला दोघे गेलो होतो, तिथे घाटाच्या पायऱ्यांवर. देवळात सांगायचं ठरवलं होतं, पण गाभाऱ्यासमोर तोंड उघडेना. घाटावर आल्यावर म्हणालो, "दादा, ते सापडलं म्हणालो होतो ते खरं नव्हतं."

तो पाण्याकडे बघत होता. "म्हंजे?"

"औषध नाही. येणारही नाही. आणखी काही वर्षं तरी नाही. कदाचित माझ्या हयातीत नाही."

"मंग तवा कसं सापडलं हुतं?"

"माझी चूक झाली होती."

"कसली?"

मी सांगितलं नाही. मोजण्यात चूक झाली, एवढंच म्हणालो. वहिनीचा विषय काढला असता तर त्याने घरी जाऊन तिला विचारलं असतं. तो रागीट नाही, पण त्याने विचारलं असतं, आणि ती जन्मभर तो पेला धुवत बसली असती.

"इंद्या," तो म्हणाला, "मी सोयऱ्याला शब्द दिलाय. पोरीला थोडी धाप लागायची, पर आता आमच्या डॉक्टरनं औषध काढलंय, असं सांगितलंय. आमचा डॉक्टर म्हंजे तू."

"मग खरं सांगून टाकू. मी येतो बरोबर निमगावला. पंप घेतला तर ती चांगली राहील. मी पटवून देतो त्यांना."

"साखरपुडा झालेल्या पोरीचं? तुला पटवाय येतं. मला पटवलंस तसंच ना?" मग उठला आणि धोतराचा सोगा झटकला. "लगीन झाल्यावर सांगू."

एसटीत आम्ही दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

लग्न झालं. दादा मला या म्हणाला नाही आणि येऊ नको असंही म्हणाला नाही. मी गेलो. अक्षता टाकताना प्राचीने मला शोधलं आणि डोळ्यांनी हसली. पाठवणीच्या आधी मी तिला दोन पंप दिले, रोजचा आणि निळा. तिने ते पिशवीत साड्यांच्या तळाशी ठेवले.

"सासूबाईंनी बगितलं तर काय सांगू?"

"सांग, माझ्या चुलत्याने दिलेत. अत्तर आहे म्हण, हवं तर."

"तोंडात मारायचं अत्तर?" ती म्हणाली. "तात्या, खोटं तरी नीट शिकवा की."

रोज सकाळी घ्यायचं तिने कबूल केलं. मी तिला गळ्याची शपथ घ्यायला लावली. माझ्या गळ्याची. मी असल्या गोष्टी मानत नाही असं तुम्हा मुलांना प्रयोगशाळेत सांगत असतो.

तू आता पुन्हा सुरुवात करा असं लिहिलंस. करतो आहे. माणसं रुग्णालयातच मुक्कामाला ठेवतो, पहाटे रक्त घेतो. आकडे सगळे सारखे येतात. कदाचित पुटिकांच्या संख्येत काही नसेलच, आत भरलेल्या निरोपात असेल. तो वाचायला लागणारं यंत्र बारामतीत नाही. संध्याकाळी हात धुऊन देवापुढे बसतो, आणि काय मागावं ते सुचत नाही. नव्या आकड्यांत फरक दिसू दे असं मागणं बरोबर नाही, एवढं तरी आता कळतं.

इंद्रजित


बारामती, १९ फेब्रुवारी २०२५

राजनंदिनी,

आज वर देवाचं नाव लिहिलेलं नाही. रागाने म्हणून नव्हे. पेन टेकवलं आणि ते पुढे सरकलं नाही.

प्राची गेली. जानेवारीच्या शेवटी. तुला कन्हेरीहून कळलं असेल.

घरामागच्या रानातला ऊस कारखान्याला गेला होता. शेजाऱ्याने पाचट पेटवलं, वारा फिरला आणि धूर अंगणात आला. घरी पाहुणे होते, नणंदेला बघायला आलेले. प्राची त्यांच्यासाठी पोहे करत होती. सासू, फुलाबाई, रडून सांगत होत्या, "दोनदा म्हणलं, आत जाऊन पड. न्हाय म्हणली. पाव्हण्यांच्या देखत कशी पडू, म्हणली." पंप पिशवीत होते. पिशवी कपाटावर होती. त्यात औषध आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ती पडल्यावर गाडी काढली, इंदापूरच्या रस्त्याला लागले. रुग्णालयात नुसतं तपासून सांगितलं.

फुलाबाईंनी ते दोन्ही पंप माझ्या हातात दिले. "तुमी दिलं हुतं काय ह्ये? अत्तर म्हणून सांगत हुती." निळा थोडा वापरलेला होता. रोजच्यावर आकडा असतो, किती उरले ते दाखवणारा. मी तो बघितला, पंप जवळजवळ भरलेलाच होता. बघायला नको होता.

दहाव्याला नरसिंहपूरच्या त्याच घाटावर गेलो. दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. पाण्यातून वर येताना त्याचा पाय घसरला, मी हात पुढे केला, त्याने शेजारच्या दगडाचा आधार घेतला.

तेराव्याला दादाच्या घरी जेवणं उरकल्यावर निघत होतो. वहिनी परसात भांड्यांपाशी बसली होती. मला बघून म्हणाली, "भावजी, हितं या. एक इचारायचंय."

मी जवळ जाऊन खाली बसलो.

"तुमी त्या दिवशी इचारलं हुतं. शिबिरात कुणाकुणाला दूध दिलं म्हणून."

"हो."

"समद्यांस्नी दिलं मी. छबूआत्या अजून हिंडती. वरच्या आळीचा म्हातारा सोपान, त्योबी हाय. समदी हायती." तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "एकट्या प्राचीला दिलं न्हाय. घरची हाय, मागनं पिईल म्हणलं. आन् मागनं दूध उरलंच न्हाय. म्हणून तिला गुण आला न्हाय का, भावजी? खरं सांगा. तुमी रगत बगितलंय."

तिच्या लेकीच्या रक्ताची नळी अजून माझ्याकडे आहे. त्या अंगणातल्या सगळ्या दमेकऱ्यांत तेवढं एकच रक्त खरं होतं, ते तिने दूध दिलं नाही म्हणून. हे तिला कसं सांगायचं ते मला माहीत नाही. तुझ्यासारख्या हुशार मुलीलाही सुचेल असं वाटत नाही.

मी म्हणालो, "नाही वहिनी. दुधाचा काही संबंध नाही. दिलं असतं तरी हेच झालं असतं."

ती भांडं पुन्हा हातात घेऊन राखेने घासायला लागली.

"मंग द्यायचं तरी हुतं," ती म्हणाली.

इंद्रजित